एक्सेलमध्ये नसलेला रकाना

मंडळी, आजचा विषय पिस्तूल. दचकू नका. दिवाळीतल्या टिकल्यांच्या बंदुकीपलीकडे मी आयुष्यात काही उडवलेलं नाही, आणि पुढे वाचाल तर कळेल की इथे मला ते उडवायची परवानगीही नाही. तरी गेल्या दीड वर्षात या विषयानं माझं इतकं डोकं खाल्लंय की एकदा लिहून टाकतो. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला विचारूनच लिहितोय.

आम्ही राहतो डॅलसच्या उत्तरेला. इथे आल्यापासून ज्या घरी आमची दिवाळी आणि गणपती होतात ते घर दादाचं. दादा म्हणजे सख्खा नव्हे. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा, माझा पहिला टीम लीड, आता ग्रीन कार्डवाला. वहिनी आणि बारा वर्षांचा मुलगा, असं तिघांचं घर.

तर झालं असं की एका रात्री दादा कामासाठी बाहेरगावी असताना कुणीतरी त्यांचं मागचं दार ढकललं. अलार्म वाजला, माणूस पळाला. काही गेलं नाही. पण भारतीयांच्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांना आता पक्कं माहीत आहे, आणि वहिनी त्यानंतर आठवडाभर दिवे लावून झोपली. पुढच्या शुक्रवारी दादाचा फोन. "पिस्तूल घ्यायचं ठरवलंय. तू रिसर्च कर."

आता रिसर्च म्हटलं की मी काय करणार? एक्सेल उघडलं. लॅपटॉप घेताना करतो तसंच. मॉडेल, वजन, गोळ्या किती बसतात, कॅलिबर, किंमत. दोन रात्रीत चौदा ओळी भरल्या.

वाचता वाचता एक मजेशीर गोष्ट सापडली. ११ एप्रिल १९८६ला मायामीत एफबीआयची दोन बँक-दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यात दोन एजंट गेले. नंतर खापर फुटलं ते ९ मिमीच्या एका गोळीवर, कारण ती दरोडेखोराच्या हृदयापर्यंत पोचायच्या आधीच थांबली होती. झालं, एफबीआय मोठ्या गोळीच्या मागे लागली. आधी १० मिमी, मग १९९० साली आलेली पॉइंट ४०. गोळी मोठी, म्हणून धक्का मोठा, म्हणून नेम वाईट. शेवटी २०१४मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागानं सांगितलं की ९ मिमीच बरी. दरम्यान गोळ्या सुधारल्या होत्या, आणि हलक्या धक्क्यामुळे माणसांचा नेम जास्त लागत होता. प्रॉडक्शनमध्ये एक मोठा घोळ झाला की आपण सगळं आर्किटेक्चर बदलतो आणि काही वर्षांनी गुपचूप मूळ जागी येतो, अगदी तसंच. मी खूश होऊन ९ मिमीच्या रकान्याला हिरवा रंग दिला.

शनिवारी दुकानात गेलो. काउंटरमागे एक म्हातारबुवा, निवृत्त पोलीस. मी प्रिंटआउट पुढे केली. त्यांनी ती न बघता बाजूला ठेवली आणि तीन प्रश्न विचारले. घरात कोण कोण आहे? चोर आला तेव्हा घरी कोण होतं? आणि ती आज कुठे आहे?

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वहिनी घरी होती. तिला विचारायचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी वहिनीला घेऊन गेलो. दादाच्या मनात तिच्यासाठी छोटं रिव्हॉल्व्हर होतं. पाच गोळ्यांचं, चारशे ग्रॅमच्या आसपास, पर्समध्ये मावणारं. सगळे नवरे हेच मागतात, असं म्हातारबुवा म्हणाले. गंमत अशी की छोटं आणि हलकं म्हणजे सोपं नाही. वजन कमी तेवढा हाताला बसणारा धक्का जास्त. शिवाय त्याचा चाप ओढायला दहा-बारा पौंड जोर लागतो, त्यात नळी हलते आणि नेम चुकतो. वहिनीनं दोन फैरी झाडून ते खाली ठेवलं. म्हणाली, "हे मला नाही जमणार, मनगट गेलं माझं."

मग ग्लॉक १९. रिकामं सहाशे ग्रॅमच्या आसपास, पंधरा गोळ्या, चाप साडेपाच पौंडांचा. वरची स्लाइड मागे खेचायला तिला जड गेलं, पण म्हातारबुवांनी युक्ती सांगितली: स्लाइड ओढू नकोस, ती घट्ट धर आणि दुसऱ्या हातानं पिस्तूल पुढे ढकल. तिसऱ्या प्रयत्नात जमलं. तिच्या गोळ्या दादापेक्षा जवळजवळ पडल्या. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मी हे सगळं काचेमागून बघत होतो. रेंजच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहात का? मी एच-वन-बीवर. अमेरिकन केंद्रीय कायद्यानुसार अशा माणसानं बंदूक किंवा गोळ्या बाळगणं हा गुन्हा आहे. याला अपवाद आहेत, त्यातला एक भारी आहे: शिकारीचा वैध परवाना असला तर चालतं. म्हणजे मी हरणं मारायला निघालो तर ठीक! असो. माझ्याकडे परवाना नव्हता, मी खरं ते लिहिलं आणि बाहेर बसलो. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. उलट ऑफिसात सांगायला किस्सा मिळाला.

घेण्याआधी म्हातारबुवांनी दादाला कागदावर घराचा नकाशा काढायला लावला. तुमची खोली कुठे, दार कुठे, मुलगा कुठे झोपतो? इथल्या घरांतल्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ठोकलेले जिप्समचे बोर्ड. गोळी त्यातून आरपार जाते. बेडरूमच्या दारातून जिन्याच्या दिशेनं सरळ रेघ ओढली तर ती मुलाच्या पलंगातून जात होती. "नेम कशावर धरलाय एवढंच नाही, त्याच्या मागे काय आहे तेही माहीत हवं," म्हातारबुवा म्हणाले. माझ्या एक्सेलमध्ये भिंत नव्हती.

शेवटी दादानं ग्लॉक घेतलं. फॉर्म भरला, तपासणी झाली, आणि सोबत आकडे दाबून उघडणारी छोटी तिजोरीही घेतली. ती कपड्यांच्या खोलीत, वरच्या फळीवर बसवली. आकडे फक्त नवरा-बायकोला ठाऊक. मला वाटलं, प्रोजेक्ट यशस्वी. फाइल सेव्ह केली आणि विसरलो.

सात महिन्यांनी दादाची नोकरी गेली. गुरुवारी सकाळी आठला मेल, सव्वाआठला लॅपटॉप बंद. चौदा वर्षं एका कंपनीत. पहिले काही आठवडे तो जोरात होता. फोन, मुलाखती, "बरंच झालं, ब्रेक हवाच होता" वगैरे. मग फोन कमी झाले. शनिवारचं क्रिकेट बंद झालं. मी विचारलं तर म्हणायचा, गुडघा दुखतोय.

एका मंगळवारी रात्री साडेअकराला वहिनीचा फोन आला.

"झोपलास का रे?"

"नाही, बोल ना."

"हा रात्री दोन-अडीचला उठतो. दिवा न लावता बसतो. काल कपड्यांच्या खोलीत बसला होता. काही करत नव्हता रे, नुसता बसला होता." मग बराच वेळ काहीच नाही. "ते तू घेऊन जा ना. थोडे दिवस तुझ्याकडे ठेव."

मी तोंड उघडलं आणि आठवलं, मला ठेवता येत नाही. ज्या एका माणसाला ती हे सांगू शकत होती त्यानं ते पिस्तूल हातात घेतलं असतं तर तो गुन्हा. बायको म्हणाली, शिकारीचं लायसन्स काढ की ऑनलाइन. पण अशा रात्री पळवाटा शोधत बसायला मन होईना. आणि एका घरातून काढून दुसऱ्या घरात आणायचं, हेही काही खरं नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही तेव्हा आकडे बघितले. २०२३ साली अमेरिकेत बंदुकीनं ४६,७०० हून जास्त माणसं मेली. त्यातल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त! आम्ही मागच्या दाराचा विचार केला होता. वजनाचा, गोळीचा, भिंतीचा केला होता. घरातल्या माणसाचा केलाच नव्हता.

सकाळी सुट्टी टाकून गेलो. वहिनीनं चहा ठेवला, दादाच्या समोर बसली आणि सरळ विचारलं, "जिवाचं बरंवाईट करायचं डोक्यात येतंय का तुझ्या?" मला वाटलं तो चिडेल. तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "करायचं असं नाही. पण येतं डोक्यात." आणि स्वतःच उठला, वर जाऊन तिजोरी उघडली.

पिस्तूल रिकामं करून कुलपाच्या पेटीत, पेटी वहिनीच्या गाडीच्या डिकीत. ती दोघं त्या गाडीत, मी माझ्या गाडीतून मागोमाग. दुकानात म्हातारबुवांनी दादाकडे एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले की बरेच जण काही दिवस आमच्याकडे ठेवतात. परत हवं असेल तर फॉर्म पुन्हा भरावा लागेल, तपासणी पुन्हा होईल. घाई करू नका. आणि पावती दिली.

ती पावती बघून मला आजोळ आठवलं. कोकणात आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागायची. आजोबा ती गोणपाटात गुंडाळून एसटीनं घेऊन जायचे आणि पावती खिशात घालून यायचे. मी लहानपणी विचारलं होतं, तुम्ही कुठे कुणाला मारणार आहात? ते म्हणाले, "मी नाही रे. पण दिवस तापलेले असतात. अशा दिवसांत ती घरात नसलेली बरी."

दादा आता डॉक्टरकडे जातो. पाच महिन्यांनी नोकरीही लागली, पगार थोडा कमी. मागच्या दाराला जाड कडी, लांब स्क्रूंची पोलादी पट्टी आणि कुणी आलं की पेटणारा दिवा बसवलाय. सगळं मिळून पिस्तुलापेक्षा स्वस्त पडलं. हे खरं तर पहिल्या शनिवारीच करायला हवं होतं, पण एक्सेलमध्ये कड्या नव्हत्या. पिस्तूल अजून दुकानातच आहे. आणायचं की विकायचं ते वहिनी ठरवणार आहे.

तुमच्यापैकी कुणी इथे घ्यायच्या विचारात असाल तर घ्या किंवा घेऊ नका, तो तुमचा निर्णय. पण गोळ्या किती बसतात याच्या आधी एक रकाना टाका: घरातले दिवस तापले तर हे कुणाकडे जमा करायचं? नाव लिहा, आणि त्या माणसाचा व्हिसा बघून घ्या. आणि पिस्तूल असो वा नसो, दादासारखं काही डोक्यात येत असेल तर इथे ९८८, भारतात १४४१६ फिरवा. दोन्हीकडे रात्रीही कुणीतरी फोन उचलतं.

शनिवारचं टेनिस बॉलचं क्रिकेट पुन्हा सुरू झालंय. दादा अजूनही स्वतःला ऑफस्पिनर समजतो. आम्ही काही बोलत नाही.