बिऱ्हाड बदलणारी गोष्ट

तिच्याजवळ सामान फार नाही. राहायला जागा नसलेले चार-पाच तरुण, लग्न झालेल्यांनाच खोली देणारं एक घर आणि दोन साड्या. एवढ्यावर ती साठहून अधिक वर्षं गावोगाव बिऱ्हाडं करत हिंडते आहे. आपण तिला ‘अशी ही बनवाबनवी’ म्हणून ओळखतो आणि ती इथलीच, पुण्यातच जन्मलेली, असं धरून चालतो. ती मूळची बंगालची.

शैलेश दे यांची ही गोष्ट. 1955 मध्ये ‘जय माँ काली बोर्डिंग’ या नावानं ती बंगाली पडद्यावर आली, भानू बंदोपाध्याय यांच्यासारख्या विनोदाच्या बादशहाचा हात धरून. तेव्हाचं कलकत्ता फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या माणसांनी गच्च भरलेलं होतं. मेस आणि बोर्डिंगातल्या एकेका खोलीत पोरं दाटीवाटीनं राहायची. तिचा स्वभाव त्या शहरात घडला. ती थाप मारते, पण कुणाचं घर लुबाडण्यासाठी मारत नाही. डोक्यावर छप्पर हवं, एवढीच तिची मागणी असते आणि त्या मागणीसाठी ती कुठल्याही थराला जाते. म्हणूनच तिच्या खोटेपणाचा राग येत नाही.

1966 मध्ये ती हिंदीत आली. हृषीकेश मुखर्जींनी तिला ‘बीवी और मकान’ केलं. निर्मिती आणि संगीत हेमंतकुमारांचं, गाणी गुलजारांची. महमूद सूत्रं हलवतो, विश्वजीत आणि केश्टो मुखर्जी साडी नेसतात. या घरात ती मला सुस्वभावी वाटते, पण जरा अवघडलेली. चांगल्या माणसांकडे पाहुणी आल्यासारखी ती जपून बोलते, अधूनमधून गाणं म्हणते. हृषीदांचा सिनेमा मला मनापासून आवडतो. तरी ती तिथे मोकळी झाली असं मला कधी वाटलं नाही.

मोकळी झाली ती 1988 मध्ये मराठीत, वसंत सबनीसांच्या हाती आल्यावर. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, पण तिला बोलती केली सबनीसांनी. हा ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणारा माणूस. बतावणी म्हणजे काय, एका प्रश्नाला तीन उलटी उत्तरं कशी द्यायची, थाप पकडली जाते आहे असं दिसताच तिच्यावर दुसरी मोठी थाप कशी रचायची, हे त्यांच्या लेखणीत मुरलेलं होतं. डायबेटिसचं औषध, इस्तंबूल आणि सत्तर रुपये एवढ्यावर त्यांनी जो प्रसंग उभा केला, तो आज मराठी घरात पाठ आहे. त्यात सुधीर जोशींचा विश्वास सरपोतदार आणि अशोक सराफांचा धनंजय माने समोरासमोर आहेत. घरमालक आणि भाडेकरू यांच्यातलं सगळं पुणेरी नातं त्या दोन-तीन मिनिटांत येतं, आणि पुणेरी घरमालकाची थट्टा कुठेही हलकी होत नाही.

त्या काळच्या पुण्यात तिला खरंखुरं कारणही होतं. भाडे नियंत्रणाचा 1947 चा कायदा होता. एकदा आत आलेला भाडेकरू बाहेर काढणं महाकठीण. त्यामुळे मालक कुणालाही खोली द्यायला कचरायचा, आणि एकट्या तरुणांना तर नकोच म्हणायचा. सिनेमातल्या घरमालकीण लीलाबाई काळभोर लग्न झालेल्यांनाच खोली देतात, ही अट त्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागली नाही. थिएटरात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी ती अट स्वतः ऐकलेली असणार.

आणि साडी! पुरुषानं साडी नेसणं ही मराठी रंगभूमीला नवलाची गोष्ट नव्हती. बालगंधर्वांच्या रूपावर एक अख्खी पिढी जीव टाकत होती, आणि तमाशातली मावशी मिशीसकट गवळणीत हसवत होती. या दोन्ही वाटा या सिनेमात एकाच छपराखाली नांदतात. सचिनची सुधा पहिल्या वाटेची, नीटस, लाजरी, खरी वाटणारी. लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती दुसऱ्या वाटेची. पदर कुठे जातोय याची तिला शुद्ध नाही, आवाज मध्येच पुरुषी होतो. त्या पार्वतीचं चक्क डोहाळजेवण होतं. फुलांचे दागिने, बायकांचा गोतावळा आणि मधोमध बसलेला लक्ष्या! कलकत्त्याहून निघालेल्या या बाईनं इथला सणवार इतका आपला केला, की ती परकी होती हे सांगूनही लोकांना पटत नाही.

रीमेकबद्दल बोलताना आपण बहुतेकदा मूळ कुठलं, चोरी कुणी केली, एवढ्यावर अडतो. मला तो वाद फार महत्त्वाचा वाटत नाही. श्रेय चोख द्यावं, पैसे द्यावेत, तिथे तडजोड नको. पण प्रेक्षक म्हणून मी पाहतो, ते नव्या गावात गोष्टीला राहण्याचं कारण मिळालं की नाही. ‘सैराट’ करमाळ्याच्या मातीतून उचलून 2018 मध्ये हिंदीत ‘धडक’ म्हणून उदयपूरला नेला. तलाव आले, महाल आले, आणि आर्ची-परश्यामधली जातीची भिंत मात्र पुसट झाली. शेवटचा घाव मग कुठून आला हेच कळेना. मला त्याचं आजही दुःख होतं.

आपल्या या बिऱ्हाडकरणीच्या नशिबीही तसे दिवस आले. तेलुगूत ती ‘चित्रम् भलारे विचित्रम्’ झाली. साडीतला नरेश तिथल्या प्रेक्षकांना मनापासून आवडला. पण 2009 च्या ‘पेइंग गेस्ट्स’मध्ये तिला थेट पटायाला नेलं. श्रेयस तळपदे आणि जावेद जाफरी यांच्यासारखे कसलेले नट, सुभाष घईंसारखा निर्माता, खर्चाला कमी नाही. पण समुद्रकिनारी सुटीवर गेलेल्यासारख्या दिसणाऱ्या पोरांना छपराची काळजी आहे, हे माझ्या गळी उतरेना. कारण गेलं आणि नुसत्या साड्या उरल्या. ती तिथे खूप मोठ्यानं बोलते, कारण तिला सांगण्यासारखं काही राहिलेलं नाही. पुढे 2014 मध्ये ती पंजाबीत ‘मिस्टर अँड मिसेस 420’ झाली आणि 2017 मध्ये ‘जिओ पागला’ होऊन पुन्हा बंगालीत गेली.

तिच्याबद्दल एक तक्रार माझ्या मनात फार दिवस आहे. इतकी घरं बदलली, पण तिच्यातल्या मुलींना खरं काय ते नेहमी शेवटी कळतं. अश्विनी भावेंची माधुरी स्वतःचं दुकान चालवते, माणसं पारखून कामाला ठेवते, आणि तरीही धनंजयच्या थापांमध्ये तिला शेवटपर्यंत खेळवलं जातं. घर हवं असणं ही फक्त मुलांचीच गरज, असं या गोष्टीनं 1955 पासून गृहीत धरलं आहे.

ते आज खरं नाही. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुली सोसायट्यांच्या दारात उभ्या राहतात, तेव्हा त्यांना विचारलं जातं, लग्न झालंय का, रात्री किती वाजता येता, कोण कोण भेटायला येणार, आडनाव काय, मांसाहार करता का. भाड्याचा करार आता अकरा महिन्यांचा असतो, म्हणजे कायद्याची जुनी भीती उरलेली नाही. अटी मात्र वाढल्या आहेत. पुन्हा कुणी तिला मराठीत आणणार असेल, तर या वेळी खोली या मुलींना हवी असू दे. त्यांच्यातल्या दोघींना मिशी लावू दे, आणि सरपोतदारांच्या जागी सोसायटीचा सेक्रेटरी बसू दे. त्याला गुंडाळायला लागणारी बतावणी लिहिणारा सबनीसांच्या तोडीचा कुणीतरी आधी शोधा, नट मग शोधू.