विषय तुम्ही द्या

मांजरसुंबा, ता. जि. बीड
भाद्रपद

चि. ताई,

यंदा तुझ्याकडे एक मागणं आहे आणि ते तुझ्या एकटीकडे नाही. पुण्यात तुझ्याबरोबर लिहिणारी जी मंडळी आहेत, महिन्यातून एकदा जमून एकमेकांच्या कथा वाचणारी, चुका तोंडावर सांगणारी, त्या सगळ्यांना हे पत्र वाचून दाखव. त्यांच्यासाठीच लिहितो आहे असं समज.

आपल्या वाचनालयाची लेखनस्पर्धा यंदापासून सुरू करायचं ठरलं. बक्षिसांचे पैसे जमले. तपासायला दोन मास्तर आणि केजच्या एक बाई तयार झाल्या. अडलं ते विषयांपाशी. बैठकीत यादी करायला बसलो तर चहा येईपर्यंत ती पूर्णही झाली: पर्यावरणाचे महत्त्व, मोबाईल शाप की वरदान, माझी आई, मी शेतकरी बोलतोय. मी म्हटलं, ही यादी घेऊन स्पर्धा घेण्यापेक्षा न घेतलेली बरी. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं, या वर्षी विषय मागवायचे. जे लिहिणार आहेत त्यांच्याकडून, आणि जे इथून उठून लिहिण्याच्या वाटेला लागले त्यांच्याकडूनही.

तू म्हणशील, विषयाचं एवढं काय घेऊन बसलात? लिहिणारा कशावरही लिहितो. मुरलेला लिहीत असेल. पण जो आयुष्यात पहिल्यांदा कागद पुढे ओढतो, त्याला विषय म्हणजे परवानगी असते. आपल्या घरातलं, आपल्या वस्तीवरचं इथे चालेल की नाही, हे तो विषय वाचूनच ओळखतो. ‘समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळ’ हा निबंध तूही शाळेत लिहिला आहेस. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी बालाघाटातली पोरं भरती-ओहोटीवर दीड-दीड पान लिहीत होती, गाईडातून उतरवून. त्यांना मार्कही पडत. त्यातून ती दोन गोष्टी शिकली. लिहायचं म्हणजे दुसऱ्याचं उतरवायचं, ही एक. आपल्या अवतीभवती जे आहे ते कागदावर येण्याच्या लायकीचं नाही, ही दुसरी. पहिली सवय पुढे मागे सुटते. दुसरी समजूत सुटायला फार वर्षं लागतात आणि पुष्कळांची सुटतच नाही.

हे आजचं नाही. १८५५ साल घे. पेशवाईपासून चालत आलेल्या दक्षिणेच्या पैशातून मराठी लेखनाला बक्षिसं देणारी दक्षिणा प्राइज कमिटी तेव्हा पुण्यात होती. जोतीराव फुल्यांनी त्या कमिटीकडे ‘तृतीय रत्न’ हे नाटक पाठवलं. त्यात एक भोळं कुणबी जोडपं आहे, बायको गरोदर आहे, भटजी ग्रहांची भीती घालून त्यांना लुबाडतो आणि शेवटी ती दोघं शाळेची वाट धरतात. कमिटीने नाटक नाकारलं. भट सभासदांच्या आग्रहापुढे तिथे कोणाचं चाललं नाही, हे जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवलं आहे. नाटक छापून यायला शंभराहून जास्त वर्षं गेली. मराठी रंगभूमीवर शेतकऱ्याचं घर त्या वेळीच आलं असतं तर पुढची नाटकं कशी झाली असती, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि त्याच वर्षी, फेब्रुवारी-मार्चात, ‘ज्ञानोदय’मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. वेद आमचे नाहीत तर मग आमचा धर्म कोणता, हे त्या शाळकरी पोरीने थेट देवालाच विचारलं. त्या काळच्या कुठल्या बक्षीस समितीच्या यादीत हा विषय बसला असता? तिच्या शाळेत तो बसला, म्हणून आपल्याला तो निबंध मिळाला. आज मराठी बाईच्या गद्यलेखनाची गोष्ट त्या निबंधाला वगळून सांगता येत नाही. त्या वर्षी कमिटीने कोणाला बक्षीस दिलं हे मात्र आपल्यापैकी कोणाला आठवत नाही.

म्हणून सांगतो, बक्षीस कोणाला द्यायचं यापेक्षा विषय कोणी द्यायचा हा प्रश्न मला मोठा वाटतो.

दुसऱ्याने दिलेल्या ओळीवर किंवा विषयावर रचायची रीत आपल्याकडे जुनी आहे. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे मुशायरा इथे परका नव्हता. तरही मुशायऱ्यात एक मिसरा आधी जाहीर करत आणि त्याच वृत्तात, त्याच काफिया-रदीफात प्रत्येकाने आपली गझल बांधून आणायची. मराठी गझलकारही तरही लिहितात. पंडितांच्या सभेतली समस्यापूर्ती त्याच जातीची: शेवटचा चरण देणाऱ्याचा, वरचे तीन रचणाऱ्याचे. पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते जातं. तिथे विषय देणारी एक आणि गाणारी दुसरी असं नव्हतं. एकीने भावाचं नाव काढलं की समोरची भावावर जोडणार, मग सासर निघणार, मग पाऊस. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. त्यांत आपल्या जिल्ह्यातलं माजलगावही आहे. तिथल्या भीमनगरातल्या बायकांच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्या बायकांनी जात्यावर बाबासाहेबांना आणलं. कुठल्या समितीने त्यांना तो विषय काढून दिला नव्हता.

तिकडे जपानमध्ये सम्राटाच्या राजवाड्यात नव्या वर्षाच्या सुरुवातीला काव्यवाचन होतं. त्यासाठी आधीच एक शब्द जाहीर करतात आणि देशातलं कोणीही त्या शब्दावर पाच ओळींची कविता पाठवू शकतं. २०२३ साली ‘मित्र’ होता, २०२५ साली ‘स्वप्न’. एवढासा विषय असला की मासे धरणाऱ्यालाही लिहिता येतं आणि प्राध्यापकालाही. हा लहानपणा मला हवा आहे. फक्त तो शब्द राजवाड्यातून येतो. आपला वस्तीवरून यावा.

तर विषय कसे हवेत ते सांगतो. ज्यात निकाल आधीच लावलेला नाही, असे. ‘शाप की वरदान’ म्हटलं की पोरगं शेवटच्या परिच्छेदात दोन्ही म्हणून मोकळं होतं. ‘शेतकऱ्याची व्यथा’ दिलं की व्यथाच लिहावी लागते. मग ज्याचा बाप शेतात शिट्टी वाजवत फिरतो त्याने काय करायचं? भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा तू पाठ्यपुस्तकात वाचलीस. तिच्यात बाजार आहे, टोमॅटोचे पडलेले भाव आहेत, बाप आहे आणि बघणारा पोरगा आहे. व्यथा हा विषय देऊन ती कथा निघाली नसती. ‘बापाबरोबर बाजारात’ असं दिलं तर एखाद वेळी निघेल.

आता आपल्या गावाचंच बघ. धुळे-सोलापूर रस्ता आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना मिळतात. कितीतरी लोकांनी मांजरसुंबा फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं आहे, रबडी खाऊन पुढे गेले आहेत. चौकात उभं राहून त्यांना रबडी देणाऱ्याने काय काय पाहिलं असेल? सीताफळाच्या दिवसांत डोंगरातून पाट्या घेऊन बायका रस्त्याच्या कडेला बसतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यावर भाषणं झाली. पण ‘संध्याकाळी पाटीत उरलेली फळं’ हा विषय कोणी दिला नाही. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीला दूरदूरहून, कर्नाटकातूनही, पायी दिंड्या येतात. यात्रेवर सगळे लिहितात. ‘यात्रा उठल्यावर दुसऱ्या दिवशी’ यावर कोण लिहील? १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला रेल्वे सुरू झाली. ती येणार येणार म्हणत आमची पिढी म्हातारी झाली. ‘रेल्वे आली त्या दिवशी मी कुठे होतो’ हा माझा स्वतःचा विषय आहे आणि तो मी स्पर्धेत देणार आहे.

पण खरी अडचण पुढे आहे. आपल्या तालुक्यातली पुष्कळ घरं दसरा-दिवाळीला ऊसतोडीसाठी उठतात. कोयत्याची उचल मुकादमाकडून घेतलेली असते, टोळी भरते आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या कारखान्यांवर जाते. मागे म्हातारी माणसं राहतात आणि हंगामी वसतिगृहातली पोरं. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, म्हणून त्या दिवशी बक्षीस समारंभ घ्यावा असं बैठकीत सगळ्यांचं मत होतं. मी विरोध केला. त्या दिवशी गावात असतं कोण? शेवटी ठरलं ते असं: विषय टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याला जाहीर करायचे, लेखन कारखान्यांचा पट्टा पडून माणसं परतल्यावर, अक्षय्यतृतीयेपर्यंत घ्यायचं. कारखान्यावरच्या कोपीत बसून लिहायला कोणाला वेळ मिळेल, असं एकाने विचारलं. मिळणार नाही हे मलाही कळतं. पहाटेपासून मोळ्या बांधून, रात्री गाडी भरून आलेली बाई लिहायला बसणार नाही. पण विषय डोक्यात घेऊन ती सहा महिने राहील. परतल्यावर तिने सांगावं, वसतिगृहातल्या तिच्या लेकीने लिहून घ्यावं. सांगितलेलं आणि लिहिलेलं, दोन्ही एकाच स्पर्धेत धरायचं असा ठराव मी करून घेतला आहे.

इथे तुमची मदत मला सर्वांत जास्त लागणार आहे, कारण या लोकांसाठी विषय काढणं जोखमीचं आहे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या सरकारी समितीपुढे आपल्या जिल्ह्याची पाहणी आली. ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली होती आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली होती. आकडे पेपरात आले, दिल्लीपर्यंत गेले. त्या बायकांनी स्वतः सांगितलेलं, त्यांच्या शब्दांत, किती आलं? ते यावं असं मला मनापासून वाटतं. तरी त्या गोष्टीचं नाव घालून विषय द्यायचा नाही, यावर मी ठाम आहे. बक्षिसासाठी कोणी कोणाला जखम उघडायला लावू नये. ‘खाडा’ असा विषय दे. कामावर गेलं नाही म्हणून दंड पडला तो दिवस. कोणी त्यात आजारपण सांगेल, कोणी बाळंतपण, कोणी लेकराला ताप होता म्हणून सांगेल, आणि एखादी सांगेल की त्या दिवशी मी नुसती झोपले, किती वर्षांनी. किती सांगायचं हे तिच्या हाती राहिलं पाहिजे. असे विषय मला सुचायला वेळ लागतो. तुम्ही रोज लिहिता, शब्दाला किती दार ठेवायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

तुझ्या मित्रमैत्रिणींतली काही मुंबईची, काही विदर्भातली आहेत असं तू म्हणाली होतीस. त्यांना वाटेल, आम्ही बीड पाहिलं नाही, आम्ही काय विषय देणार? त्यांनी त्यांच्या गावचेच द्यावेत. चाळीतल्या नळावरचं भांडण आणि आपल्या टँकरवरचं भांडण फार लांबचं नाही. फक्त एवढं बघा, की विषय समजायला कुठलं पुस्तक वाचलेलं असावं लागू नये आणि तो एका दमात तोंडी सांगता यावा. चौकातल्या फळ्यावर लिहिला तर जाता जाता वाचून होईल, इतका लहान.

आलेले सगळे विषय वाचनालयाच्या भिंतीवर लावणार आहोत. निवड आमची समिती करणार नाही. वसतिगृहातली पोरं, ऊसतोडीला निघालेल्या बायका, चौकातले दुकानदार, ज्याला ज्या विषयावर काही सांगावंसं वाटेल त्याने त्याच्यापुढे खूण करायची. सर्वांत जास्त खुणा पडतील ते विषय आधी घ्यायचे. एखाद्या विषयापुढे एकच खूण पडली तर तोही ठेवायचा, कारण त्या एका माणसाकडे काहीतरी आहे.

घटस्थापनेच्या आत पाठवा. एकेकाने दोन-तीन, जास्त नकोत. आणि ताई, ज्या विषयावर तुला इथे शाळेत असताना लिहायचं होतं आणि कोणी तो दिला नाही, तो सगळ्यांत आधी पाठव.

तुझा,
मामा