हनुवटीची खूण

कल्याणजवळच्या आमच्या मोहन्यात स्कूटरवर पुढे उभं राहणारं मूल मागे कधी जाणार, हे त्याच्या उंचीवर ठरायचं. त्याचं डोकं बापाच्या हनुवटीला टेकू लागलं, समोरचा रस्ता झाकला जाऊ लागला, की हुकूम सुटे, ‘आता मागे बस.’ वय कुणी विचारत नसे.

बाबा एनआरसी या रेयॉनच्या कंपनीत होते. कंपनीचा भोंगा, पाळ्या आणि रेयॉनचा तो उग्र वास, यांवर अख्ख्या मोहन्याचं घड्याळ चालायचं. 2009 मध्ये कंपनी बंद पडली आणि ते घड्याळही थांबलं. त्याच्या कितीतरी आधी, बुक केलेल्या चेतक स्कूटरचा नंबर लागायला आम्हाला काही वर्षं लागली होती. मंगळवारी टिटवाळ्याचा गणपती, कधी शहाडचं बिर्ला मंदिर, लग्नाकार्याला कल्याण, सगळं त्या एका स्कूटरवर. मी पुढे उभा, नाकासमोर स्पीडोमीटरची काच, दोन्ही बाजूंना बाबांचे गुडघे. मागे आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, तिच्या मांडीवर पदरात गुंडाळलेली धाकटी. वारा आधी मला लागायचा, मग बाकीच्यांना. त्या जागेसारखी जागा मला पुन्हा कुठल्याच वाहनात मिळाली नाही.

एकदा शहाडजवळ म्हैस आडवी आली. बाबांनी करकचून ब्रेक दाबला आणि माझी हनुवटी त्या काचेवर आपटली. तीन टाके पडले. रात्रभर बाबा उशाशी बसून होते. पुढच्या मंगळवारी मी पुन्हा तिथेच उभा होतो, कारण दुसरी जागाच नव्हती. लेकरू आपल्या हातात आहे म्हणजे सुखरूप आहे, यावर तेव्हा सगळ्यांचाच विश्वास होता. पण ताशी 50 किलोमीटरच्या वेगात गाडी आदळली, तर दहा किलोचं बाळ क्षणभर दोन-अडीचशे किलोंच्या जोराने पुढे फेकलं जातं. ते कुठल्या आईच्या हातांना पेलणार?

आता माझी लेक आठ वर्षांची आहे. परवा आजीकडे निघताना बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी छोटी बैठक, बघून ती गाडीच्या दारातच अडून बसली. ‘बूस्टर बाळांचा असतो. मी नाही बसणार.’ म्हटलं, ठीक आहे, काढून बघू. ती सीटवर पाठ टेकून बसली, तर पाय सरळ पुढे आले, गुडघे कडेपर्यंत पोचेनात. मिनिटभरात पाय वाकवण्यासाठी ती खाली घसरली आणि कमरेचा पट्टा पोटावर चढला. मी पट्ट्याखाली हात घालून पाहिलं. हाताला मऊ पोट लागलं. कमरेचं हाड पट्ट्याच्या बरंच खाली होतं. वरचा पट्टा गळ्याला घासत होता. धक्का बसला असता तर सगळा भार आतड्यांवर आणि मानेवर आला असता. बूस्टर ठेवला, तसा पट्टा मांड्यांवर आणि खांद्याच्या मधोमध आला. बूस्टरचं काम एवढंच, मोठ्यांसाठी बेतलेला पट्टा मुलाच्या हाडांवर आणायचा.

आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन सक्तीचं केलं. नाही वापरलं तर 1000 रुपये दंड. दुचाकीवरच्या चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हार्नेस, हेल्मेट आणि ताशी 40 ची मर्यादा 15 फेब्रुवारी 2023 पासून आली. पण बूस्टर सोडायचा कधी, हे नुसत्या वयावरून सांगता येत नाही. ब्रिटनमध्ये 135 सेंटीमीटर उंची किंवा 12 वर्षं, यांतलं जे आधी होईल ते. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ चार फूट नऊ इंच, म्हणजे साधारण 145 सेंटीमीटर सांगतात. मला 145 पटतं. वाढदिवस झाला म्हणून पट्टा खांद्यावर सरकत नाही.

म्हणजे उंची तेव्हाही मोजत होतो. फक्त ती बापाला रस्ता दिसावा म्हणून मोजत होतो.

मोहन्याच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर आमच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा अजून आहेत. लेकीला तिथे उभं केलं, 127 भरली. टेप वर सरकवून आईने 145 वर रेघ मारली.

‘आजी, बाबा पुढून मागे गेला तेव्हा केवढा होता?’

आईने चष्मा वर केला, खालच्या रेघांवरून बोट फिरवलं आणि एकीवर थांबवलं. लेकीने टेप लावली. 116.

‘एवढाच?’ म्हणत ती माझ्या हनुवटीकडे बघू लागली.