तिघी तरी हव्यात

दिवाळीच्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीच्या मधोमध व्हिक्टोरिया मार्केटची जुनी इमारत आहे. डिसेंबर 2024 पासून तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतल्या मुली आईबरोबर खरेदीला येतात आणि आत डोकावतात, हे पाहून मला मनापासून आनंद होतो. भूवैज्ञानिक म्हणून माझा सगळा जन्म दगड फोडण्यात गेला आहे.

या मुलींना मी आधी किल्ल्याचा कडा दाखवते. तिथल्या विंध्य वालुकाश्माच्या तुकड्यावर भिंग धरलं की क्वार्ट्झचे झिजून गोलसर झालेले कण दिसतात. कण झिजलेले, म्हणजे लांबून वाहत आलेले, हे त्या न सांगता ओळखतात. प्रश्न येतो तो त्यांच्या आयांकडून: "मॅडम, हे शिकलं की रानावनात जावं लागतं का हो?" जावं लागतं. रानात आणि खाणीतही.

आपल्याकडे विज्ञानाच्या वर्गात मुली भरपूर असतात. पण 2018 मध्ये देशात प्रत्यक्ष संशोधनकामात असलेल्यांपैकी स्त्रिया होत्या केवळ 16.6 टक्के. ही गळती बुद्धीमुळे होत नाही. माझ्या क्षेत्रात तर ती कायद्यानेच घडवून आणली होती. एकेकाळी कोळशाच्या खाणीत नवरा कोळसा फोडी आणि बायको टोपलीत भरून वाहून नेई. पुढे बायकांना जमिनीखाली बंदी झाली. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा 1943 मध्ये ती उठवली आणि 1946 मध्ये पुन्हा लादली. 1952 च्या खाण कायद्याच्या कलम 46 ने तीच बंदी कायम ठेवली. गरज पडली की बाई खाणीत चालते आणि गरज संपली की तिच्या सुरक्षिततेची काळजी सुरू होते, हे मला आजही संतापजनक वाटतं.

या बंदीने विज्ञानाचं काय नुकसान झालं ते सांगते. विदर्भातल्या मँगनीजच्या पट्ट्यात एका खाणीवर मी काम करत होते. खडकाचे थर कसे वळले आहेत याचा नकाशा माझ्याकडे होता, पण कायद्याकडे बोट दाखवून मला खाणीच्या तोंडाशीच थांबवलं जाई. खालून कामगार नमुने आणून देत. आता नमुना काढण्याआधी तो जागेवर असतानाच त्याच्यावर उत्तरेचा बाण आणि थराचा उतार खडूने आखावा लागतो. तसा न आखलेला दगड आपल्यात कोणतं खनिज आहे ते सांगतो. थर कुठे वळला आणि पुढे खनिज कुठल्या दिशेला सापडेल, ते नाही. पोत्यातून वर आलेल्या दगडांवर असा बाण क्वचितच असे. जिने तो आखायचा ती वर उभी होती. खाणीवर बायकांसाठी शौचालय नव्हतं आणि बूट पुरुषांच्याच मापाचे मिळत. आम्ही दिवसभर पाणी प्यायचं टाळायचो.

ही भिंत आधी फोडली ती चंद्रपूरच्या डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा यांनी. खाण अभियांत्रिकीच्या पदवीला मुलगी म्हणून प्रवेश मिळेना, तेव्हा त्या न्यायालयात गेल्या. 1996 मध्ये नागपूरच्या रामदेवबाबा महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला आणि 1999 मध्ये त्या देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता झाल्या. त्याआधी, 1983 च्या डिसेंबरात, नागपुरात जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता तिसऱ्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकाला निघाल्या होत्या. बर्फाच्या खंडावर बाईला पाठवणाऱ्या देशाने तिला खाणीत उतरू द्यायला आणखी पस्तीस वर्षं घेतली.

जानेवारी 2019 च्या अधिसूचनेने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी स्त्रियांना दिवसपाळीत जमिनीखाली जाण्याची मुभा दिली. 2021 मध्ये आकांक्षा कुमारी झारखंडमधल्या चुरी इथल्या भूमिगत कोळसा खाणीत रुजू झाल्या. अधिसूचनेत एक अट होती: एका पाळीत किमान तीन स्त्रिया हव्यात. हेतू चांगलाच होता. पण ज्या खाणीने एकच मुलगी भरती केली, तिथे त्या मुलीला खाली पाठवता येत नसे आणि ती टेबलावरच राही. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितेने सगळ्याच आस्थापनांची दारं स्त्रियांना उघडली आहेत, तरी माझं म्हणणं तेच आहे. एकीची नेमणूक करून फोटो छापू नका. तिघी-चौघींना एकदम घ्या. मग शौचालय बांधावंच लागतं, लहान मापाचे बूट मागवावेच लागतात, गाडीची सोय होते, आणि एकीला बाळंतपणाची रजा लागली तर दुसरी काम सांभाळते.

भूवैज्ञानिकांसाठी संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा दरवर्षी होते आणि इथल्या जिवाजी विद्यापीठात भूविज्ञान शिकता येतं. तुमच्या लेकीला ही वाट आवडली असेल तर तिला अडवू नका. आणि तिच्या दोन मैत्रिणींनाही तिच्याबरोबर अर्ज भरायला लावा.