पिवळ्या पानातले लोह

पान पिवळे पडले म्हणजे झाडाला लोह मिळाले नाही, आणि मिळाले नाही म्हणजे जमिनीत ते नसणार: ही दोन पायऱ्यांची समजूत इतकी घट्ट रुजली आहे की संपादकांनी वनस्पती आणि लोह या विषयावर लेख मागितल्यावर तिच्यापासूनच सुरुवात करणे मला भाग आहे. दोन्ही पायऱ्या कच्च्या आहेत. भूकवचाच्या वजनात लोह सुमारे 5 टक्के भरते, आणि दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या जमिनीत त्याचा तुटवडा नाही. अडचण विद्राव्यतेची आहे. हवा खेळणाऱ्या जमिनीत लोह फेरिक रूपात राहते आणि सामू एका अंकाने चढला की त्याची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. म्हणून चुनखडीच्या रानात, सामू 8 च्या पुढे गेला की, लोहाने वेढलेली मुळे उपाशी राहतात आणि उसाच्या खोडव्यावर केवडा दिसू लागतो. अशा जमिनीत नुसते हिराकस मिसळले तर थोड्याच दिवसांत तेही त्याच अविद्राव्य रूपात जाऊन बसते. दरवर्षी किती पैसा असा मातीत जातो याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हे रसायन नवे नाही आणि समजावून सांगायला अवघडही नाही.

पहिली पायरी याहून फसवी आहे. चुनखडीच्या जमिनीतल्या द्राक्षवेलींची आणि फळझाडांची पिवळी पाने प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा अनेकदा त्यांत हिरव्या पानांइतकेच, क्वचित जास्तही लोह भरले. पान वाढले नाही म्हणून आहे ते लोह थोड्या वजनात दाटले, हे एक स्पष्टीकरण; पानापर्यंत पोचलेले लोह पेशीबाहेर निष्क्रिय होऊन अडकले, हे दुसरे. दोन्हींना आधार आहे आणि वाद पुरता मिटलेला नाही. पण कोणतेही घेतले तरी एकूण लोहाचा आकडा पानाची अवस्था सांगत नाही, एवढे निश्चित. कत्याल आणि शर्मा यांनी 1980 मध्ये ताज्या पानातले फेरस लोह ऑर्थोफिनॅन्थ्रोलिनने वेगळे मोजण्याची पद्धत मांडली ती याच कारणाने. तरीही पान-परीक्षणाच्या अहवालांत आजही बहुधा एकूण लोहच छापून येते.

लोह किती आहे यापेक्षा ते कोणत्या कप्प्यात आहे आणि कोणत्या रेणूच्या ताब्यात आहे, यावर झाडाचे आरोग्य ठरते, हे माझे म्हणणे. तसे का, हे लोहाच्या स्वभावात आहे. इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याच्या ज्या गुणामुळे ते प्रकाशसंश्लेषणात आणि श्वसनात अपरिहार्य ठरते, त्याच गुणामुळे मोकळे फेरस लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते, आणि त्यापुढे पेशीतले काहीच सुरक्षित नसते. म्हणून वनस्पती लोहाला क्षणभरही एकटे सोडत नाही. टोमॅटो, भुईमूग यांसारख्या पिकांची मुळे आम्ल सोडतात, फेरिकचे फेरस करतात आणि मग ते आत घेतात. गवतवर्गीय पिके म्युजिनिक आम्लांच्या कुटुंबातले रेणू बाहेर पाठवून फेरिक लोहाला धरून आणतात, जे ताकागी यांनी जपानमध्ये 1976 मध्ये दाखवले. (भात दोन्ही वाटा वापरतो.) जलवाहिन्यांतून वर जाताना लोह सायट्रेटला बांधलेले असते, टोमॅटोच्या रसात तीन लोह-अणू आणि तीन सायट्रेट असा संयुक्त रेणू 2010 मध्ये सापडला. रसवाहिन्यांतून कोवळ्या पानाकडे आणि बीकडे जाताना ही जबाबदारी मुख्यतः निकोशियानामाइनकडे येते. हा रेणू बनवू न शकणारे टोमॅटोचे एक उत्परिवर्तित वाण आहे: त्याच्या जुन्या पानांत लोह साचते आणि कोवळी पाने शिरांमधून पिवळी राहतात.

आता साठवणीकडे, जिथे माझा जुना वाद आहे. रक्ताच्या अहवालामुळे फेरिटिन हे नाव आता घरोघरी माहीत आहे. चोवीस उपघटकांचा हा पोकळ प्रथिन-गोल सुमारे साडेचार हजार लोह-अणू सामावू शकतो. वनस्पतींतही तो आहे, मुख्यतः लवकांमध्ये. त्यामुळे 'फेरिटिन म्हणजे वनस्पतीचे लोहाचे कोठार' हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून आजही पुढे चालत राहते. पुरावा वेगळे सांगतो. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपाच्या बीत फेरिटिनमधले लोह एकूण लोहाच्या जेमतेम 5 टक्के भरते, आणि फेरिटिन काढून टाकलेली रोपे नेहमीच्या परिस्थितीत नीट वाढतात. लोह जादा झाले की मात्र त्यांची होरपळ होते. हे 2009 चे काम आहे. याउलट 2006 मध्ये रिक्तिकेत लोह नेणारे व्हीआयटी1 हे प्रथिन बंद केले, तेव्हा बीतले एकूण लोह जसेच्या तसे राहिले, फक्त ते वाहिन्यांच्या पेशींभोवतीची ठरलेली जागा सोडून विस्कळीत पसरले. एवढ्यानेच विम्लधर्मी मातीत रोपे खुरटली. मात्रा तीच, जागा चुकली. आणि रिक्तिकेतून लोह बाहेर काढणारी दोन प्रथिने बंद केली की लोहाची चणचण असताना रोप भरल्या कोठाराशेजारी थांबून राहते. या बीचे कोठार म्हणजे रिक्तिका. फेरिटिन तिथे राखणदार आहे.

यावर वाटाण्याचे उदाहरण पुढे केले जाते, आणि ते योग्यच आहे. वाटाण्याच्या बीत बहुतांश लोह फेरिटिनमध्ये असल्याचे मोजमाप आहे, आणि कडधान्यांत तो कोठाराचे काम करतो हे मी मान्य करतो. पण कडधान्यांवरून भात-गव्हावर झेप घेणे चूक. तृणधान्यांत लोह मुख्यतः कोंड्याच्या थरातल्या रिक्तिकांत आणि अंकुरात, फायटेटला जखडून असते. ही झेप घेतल्याची किंमतही दिसली आहे. 1999 मध्ये सोयाबीनचे फेरिटिन भाताच्या दाण्यात घातले, लोह तिपटीपर्यंत वाढले आणि मोठा गाजावाजा झाला. पुढे फेरिटिन आणखी वाढवले तेव्हा लोह त्या प्रमाणात वाढले नाही, कारण तिथवर ते आणून पोचवणारेच कमी पडत होते. निकोशियानामाइनची जोड दिल्यावर 2016 मध्ये शेतातल्या चाचणीत सडलेल्या तांदळात किलोमागे 15 मिलिग्रॅमपर्यंत मजल गेली; नेहमीच्या सडलेल्या तांदळात ते 2 च्या आसपास असते.

आणखी एक आक्षेप अधिक वजनदार आहे. 'धनशक्ती' ही बाजरी 2012 मध्ये महाराष्ट्रात आली, कोणतेही परके जनुक न घालता, निव्वळ निवडीतून, आणि तिच्यात किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह आहे. लोहसंपन्न बाजरीच्या भाकरीवर महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांमध्ये चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले आणि लोहाची कमतरता घटल्याचे दिसले. बाजरीत शरीरातले लोहाचे शोषण अडवणारे फायटेट भरपूर असूनही हे घडले, तेव्हा मात्रा वाढवणे पुरेसे नाही काय? बाजरीपुरते पुरेसे ठरले, आणि मला त्याचा आनंद आहे. पण का ठरले, हे पाहिले पाहिजे. बाजरीचा दाणा लहान, अंकुर तुलनेने मोठा, आणि आपण ती कोंड्यासकट दळून खातो, म्हणून लोह जिथे साठते तो भाग ताटात येतो. भाताचे लोह जिथे साठते तो भाग गिरणीतच वेगळा होतो. म्हणून नव्या वाणाच्या जाहिरातीत अख्ख्या दाण्याचा लोहाचा आकडा छापला जातो तेव्हा मला सडल्यानंतरचा आकडा हवा असतो, आणि त्यातले किती लोह फायटेटच्या ताब्यात आहे, हेही.