पायांनी मागितलेलं

डिसेंबर लागला की आमच्या धावण्याच्या गटातल्या गप्पांचा विषय बदलतो. तोवर बूट, गुडघे, रविवारचा लांब पल्ला, पहाटे काही खाऊन पळावं की उपाशी, हेच चाललेलं असतं. मग एखादा पाणी पिता पिता हळूच विचारतो, “तुझे किती जमले?”

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. २००४ साली ती पहिल्यांदा झाली. आज तिच्या निमित्ताने शेकडो सेवाभावी संस्थांसाठी निधी उभा राहतो. ती बाजू ‘युनायटेड वे मुंबई’ सांभाळते. धावणारा एक संस्था निवडतो आणि ओळखीच्यांना कळवतो, की मी ४२.१९५ किलोमीटर पळणार आहे, तुम्ही या संस्थेला काही द्या. मी आमच्या तालुक्यातल्या विशेष मुलांच्या शाळेसाठी पळतो. तिथली मुलं शर्टाचं बटण लावायला शिकतात, त्यात कधी कधी सगळं वर्ष जातं, आणि लागलं की शाळाभर टाळ्या होतात.

पळण्यापेक्षा मागणं कठीण, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. निरोप लिहून तयार असतो, पण बोट फोनवर थबकतं. कुणी लगेच पाठवतं, कुणी ‘८०-जीची पावती मिळेल ना?’ विचारतं, कुणी नुसता अंगठा दाखवून गप्प होतं. शेजारच्या काकूंनी मात्र ५०१ रुपयांचं पाकीट हातात ठेवलं. मी संस्थेची माहिती सांगायला लागलो, तर म्हणाल्या, “पहाटे चारला तुझं दार वाजतं ना, ते ऐकते रे मी.”

त्या वाक्याशी मी बराच काळ थांबलो आहे. माझ्या पळण्याचा आणि त्या शाळेच्या खर्चाचा सरळ संबंध काहीच नाही. मी घरी बसलो तरी काकू पैसे देऊ शकतात. तरीही देणाऱ्याला काहीतरी दिसावं लागतं, ऐकू यावं लागतं. मागणाऱ्याने आधी आपलं काही खर्ची घातलं आहे, याची खात्री हवी असते. पहाटेचा घाम हे एक तारण आहे.

आपल्याकडे हे नवं नाही. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत आणि संध्याकाळी मैलोन्‌मैल पायी हिंगण्याच्या आश्रमात जात. विधवांसाठी १८९६ साली काढलेल्या संस्थेसाठी त्यांनी दारोदार वर्गणी मागितली. पुढे १९३६मध्ये, पंच्याहत्तरी उलटून गेल्यावर, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी त्यांनी मंडळ काढलं आणि पुन्हा गावोगाव पायी फिरून पैसे गोळा केले. सूट मागण्याच्या वयात ते वर्गणी मागत होते. त्यांच्या धुळीने माखलेल्या वहाणांनी जे काम केलं असेल, ते छापील विनंतीपत्रकाने झालं नसतं, असं मला वाटतं.

आणि कॅनडाचा तरुण टेरी फॉक्स. अठराव्या वर्षी हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. रुग्णालयात आजूबाजूला त्याच आजाराने झिजणारी माणसं होती, लहान मुलंही. त्यांच्यासाठी, कर्करोगाच्या संशोधनासाठी, त्याने सगळा कॅनडा पळत ओलांडायचं ठरवलं. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्सला अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून तो निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. दोन पावलं चांगल्या पायावर, मग एक कृत्रिम पायावर, अशी त्याची ती उडती चाल होती. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं, कारण आजार फुप्फुसांत पोचला होता. प्रत्येक कॅनेडियन माणसाकडून एक डॉलर, एवढंच त्याचं मागणं होतं. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २.४ कोटी होती. १९८१च्या फेब्रुवारीत निधीने तेवढे डॉलर ओलांडले. जूनमध्ये तो गेला. वय बावीस.

मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ लागतो तेव्हा मला टेरी आठवतो. हा चढ मोटारीतून जाताना जाणवतही नाही, पण परतीच्या वाटेवर, पस्तीसेक किलोमीटर झाल्यावर तो समोर येतो, तेव्हा स्नायूंतला साखरेचा साठा आटलेला असतो आणि ऊन चढलेलं असतं. रस्त्याकडेला लोक संत्र्याच्या फोडी, मीठ, बर्फ घेऊन उभे असतात. छातीवरच्या कागदावरचं नाव वाचून हाका मारतात. ज्यांना मी कधीच भेटणार नाही अशी ती माणसं. अनोळखी हातातून ती फोड घेताना माझ्या मनातला मागण्याचा उरलासुरला संकोच जातो. दुसऱ्याकडून घेतल्याशिवाय कुणी तो चढ चढलेला मी पाहिला नाही.

यंदाही डिसेंबरात कुणा भाच्याचा, सहकाऱ्याचा, मैत्रिणीचा असा निरोप तुम्हाला येईल. शुभेच्छा द्याच. पण संस्थेचं नाव वाचा, ती काय करते ते विचारा, आणि शंभर रुपये का होईनात, त्याच दिवशी पाठवा. मॅरेथॉन झाल्यावर पाठवू म्हटलेले पैसे सहसा राहूनच जातात.