तेलवातीचा हिशेब

हातात धरून खेळायच्या यंत्रांविषयी लिहिणारे समीक्षक बहुधा प्रोसेसरच्या वेगापासून सुरुवात करतात आणि त्याच आकड्यापाशी थांबतात. याचे इतके मेगाहर्ट्झ, त्याचे तितके, म्हणून तो श्रेष्ठ. आम्हांस ही रीत अपुरी वाटते. दूरचित्रवाणीला जोडलेल्या यंत्रामागे भिंतीतली वीज उभी असते; खिशातल्या यंत्राची सारी मिळकत म्हणजे एक बॅटरी. तेथे वेग हा खर्च आहे, आणि खर्च म्हटला की तो कोणी ठरवायचा हा प्रश्न येतोच.

१९८९ साली निन्टेन्डोच्या गेम बॉयने या प्रश्नाचे एक उत्तर दिले. गुन्पेइ योकोइ यांचा विचार असा की, नव्याच्या मागे न धावता जुने, स्वस्त झालेले, पुरते उमगलेले तंत्र वेगळ्या कामी लावावे. चार मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा आठ-बिट प्रोसेसर, आठ किलोबाइट मेमरी, पडद्यावर हिरवट रंगाच्या चार छटा. एका आडव्या रेषेत दहाहून अधिक हलत्या आकृत्या दाखवणे या यंत्राला शक्यच नव्हते. अकरावी दिसेनाशी होई, म्हणून रचनाकार त्या आळीपाळीने लुकलुकत दाखवीत. पुढच्याच वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरला रंग होते, पडद्यामागे दिवा होता. पण सहा पेन्सिल सेल तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. टेट्रिसच्या ठोकळ्यांना त्या चार छटा पुरेशा होत्या. पुढे बाजारात कोण टिकले, ते सर्वश्रुत आहे.

सोनीच्या पीएसपीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आणि आम्हांस अधिक जवळची. २००४ च्या डिसेंबरात जपानमध्ये आलेल्या या यंत्राचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावू शके. खेळांना मात्र २२२ पर्यंतच मुभा होती. एक तृतीयांश वेग कुलुपात! वेग वाढला की विजेचा खर्च वाढतो, आणि त्या वेगासाठी विद्युतदाब चढवावा लागला तर खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. शिवाय फिरणारी यूएमडी तबकडी आणि ४.३ इंची पडदा त्याच बॅटरीवर जगत. २००७ मध्ये यंत्राच्या ३.५० या आज्ञावलीने ते कुलूप काढले, आणि २००८ च्या 'गॉड ऑफ वॉर : चेन्स ऑफ ऑलिम्पस'ने पूर्ण वेगाचा लाभ घेतला. तोवर हौशी मंडळींनी आपापल्या आज्ञावल्या घालून ते केव्हाच फोडले होते.

ती वर्षे महाराष्ट्रात भारनियमनाची. आम्हां दोघा भावंडांत मिळून एक पीएसपी, आणि आमच्या तालुक्याच्या गावी दिवसातले कित्येक तास वीज नसे. पडद्याचा उजेड सर्वांत खालच्या पायरीवर, वाय-फायची कळ बंद, आणि जो हरेल त्याने यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यायचे, असा आमचा करार होता. थोरल्याला वेग हवा असे, धाकटीला वेळ. वेग वाढवला की लढाई अडखळत नसे. पण धाकटीची पाळी येता येता बाजूचा हिरवा दिवा उघडझाप करू लागे. तिच्या वाट्याचा खेळ थोरल्याच्या गुळगुळीत चित्रांत जळून गेलेला असे. प्रोसेसरचा वेग म्हणजे काय, हे आम्ही या भांडणात शिकलो.

मर्यादेतूनच कला फुलते, असे म्हणून ओवीचा किंवा शार्दूलविक्रीडिताचा दाखला देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु वृत्त कवी आपण होऊन पत्करतो. येथली मर्यादा यंत्र बनवणाऱ्याने घातली, आणि तिची किंमत खेळांनी मोजली : मैदानात शत्रू थोडे, दूरचे डोंगर धुक्यात, गर्दी झाली की चित्र मंदावलेले. तिचे उगाच गोडवे गाऊ नयेत. तरीही त्या कुलपात एक हमी होती. रचनाकाराला आपले अंगण केवढे ते ठाऊक असे, आणि पडद्याचा उजेड, आवाज सारखा ठेवला तर थोरल्याचा तास आणि धाकटीचा तास जवळपास सारखाच लांब असे.

२०२२ मध्ये आलेल्या व्हॉल्व्हच्या स्टीम डेकवर चिपने किती वॅट खावेत, हे ३ ते १५ च्या दरम्यान खेळणारा स्वतः ठरवू शकतो. किल्ली ज्याची त्याच्या हाती आली, हे आम्हांस न्याय्य वाटते. मात्र त्याबरोबर हिशेबही त्याच्याच माथी आला. ज्याच्या घरी वीज जात नाही त्याला तो करावाच लागत नाही. ज्याच्या घरी जाते, त्याला प्रत्येक खेळाआधी करावा लागतो. तेव्हा अशा यंत्राची परीक्षा करणाऱ्याने वेगाच्या आकड्याशेजारी तासांचा आकडा लिहावा, आणि ते तास कोणत्या वेगाने मोजले हेही सांगावे. तेल किती ते ठाऊक नसताना ज्योतीच्या उंचीचे कौतुक करण्यात अर्थ नाही.